कागुया-सामा आणि मराठा खंदक

प्रेप संपवून मेसकडे जाताना कुणी जपानी ॲनिमेचा विषय काढला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एका तटाला फक्त मारामारी हवी असते, म्हणजे नारुतो, ड्रॅगन बॉल, वन पीस. दुसऱ्या तटाच्या मते हे सगळं कार्टून, आणि मिसरूड फुटलेल्या मुलांनी कार्टून बघू नये. मी ज्या मालिकेबद्दल लिहितोय ती दोन्ही तटांना पसंत पडणार नाही. ती प्रेमकथा आहे, विनोदी आहे आणि तिच्यात एकही तलवार उपसली जात नाही. तरीही माझं मत असं की आपल्या शाळेतल्या वरच्या वर्गांनी ती बघावी, आणि जमलं तर वडिलांना शेजारी बसवून बघावी.

मालिकेचं नाव 'कागुया-सामा: लव्ह इज वॉर'. आका अकासाका यांची ही मूळ चित्रकथा, जपानी भाषेत मांगा, २०१५ ते २०२२ अशी चालली आणि तिचे २८ खंड झाले. तिच्यावरची ॲनिमे मालिका २०१९ मध्ये सुरू झाली. शुचिइन नावाच्या बड्या घरच्या मुलांच्या शाळेत ती घडते. विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष मियुकी शिरोगाने ओढगस्तीच्या घरातला, केवळ अभ्यासाच्या जोरावर पहिला येणारा. उपाध्यक्ष कागुया शिनोमिया मोठ्या उद्योगपतीची मुलगी. दोघांना एकमेकांची ओढ आहे आणि ते सोडून बाकी सगळ्या शाळेला त्याचा संशय आहे. जपानमध्ये 'कोकुहाकु' म्हणून एक रीत आहे, मनातलं स्पष्ट शब्दांत सांगायचं आणि मगच पुढे जायचं. इथे दोघांनी मनाशी ठरवून टाकलंय की जो आधी सांगेल तो हरला. मूळ जपानी नावाचा अर्थही साधारण असाच आहे, की कागुयाला हे समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायचं आहे.

मग डावपेच. पहिल्याच भागात सिनेमाची दोन तिकिटं असतात आणि 'चल' एवढं कुणी म्हणायचं यावर दोघांची डोकी तापतात. त्याच भागात कागुयाचा जीव शिरोगानेच्या डब्यातल्या ऑक्टोपसच्या आकाराच्या सॉसेजमध्ये अडकतो, पण एक तुकडा मागेल तर ती कागुया कसली! आणि हे सगळं एक निवेदक रणधुमाळीचं वर्णन करावं तशा धीरगंभीर आवाजात सांगतो. शेवटी निकालही जाहीर करतो, आजच्या लढाईत कोण हरलं. त्यात चिका फुजिवारा नावाची चिटणीस, जिला कसलाच पत्ता नसतो, अधूनमधून येऊन दोघांचेही बेत पार उधळून जाते. आपल्या प्रत्येक डॉर्मिटरीत अशी एक फुजिवारा असतेच, नावं घेत नाही.

मी ही मालिका हिवाळ्याच्या सुट्टीत कोलकात्यात पाहिली. बाबांची बदली पूर्व कमानला झालीय. ऑफिस फोर्ट विल्यममध्ये, ज्याचं नाव आता आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून विजय दुर्ग ठेवलंय आणि जिथलं सेंट जॉर्ज गेट आता शिवाजी गेट झालंय. शेजारच्या क्वार्टरमधले बंगाली काका मला टॅबवर कार्टून बघताना पाहून हसले नाहीत. उलट आत जाऊन नारायण देबनाथांचं 'नोंटे फोंटे' घेऊन आले. होस्टेलमधल्या दोन उचापती पोरांची ही चित्रकथा १९६९ पासूनची आहे. 'आमचं बालपण हेच,' म्हणाले. कोलकात्यात चित्रकथा वाचणाऱ्याला कुणी पोरकट म्हणत नाही, हे मला आवडलं.

पहिले काही भाग मी पोट धरून हसलो. मग पहिल्या पर्वाच्या शेवटी सुट्टीचा भाग आला. शिरोगाने आणि कागुया दोघंही मोकळे, दोघांकडे फोन, आणि दोघंही दुसऱ्याच्या निरोपाची वाट बघत आख्खी सुट्टी घालवतात. तिथे मात्र मला हसू येईना. कारण पलीकडच्या खोलीत बाबा होते आणि घरी येऊन सहा दिवस झाले तरी आमचं चहा आणि हेअरकट यापलीकडे बोलणं झालेलं नव्हतं.

गोष्ट साधी होती. सहामाहीत मला गणितात ४१ पडले. रविवारच्या फोनवर मी 'पेपर बरे गेले' असं सांगून मोकळा झालो. शाळेचं पत्र घरी गेलं, ते मला ठाऊक होतं. पत्र मिळालंय हे मला कळलंय, हे बाबांनाही ठाऊक होतं. त्यानंतरचे आठ रविवार 'जेवलास का', 'हो', 'तब्येत', 'ठीक' यातच गेले. ते विचारतील मग मी सांगीन, असं माझं. तो सांगेल मग मी बोलेन, असं त्यांचं. मराठीत याला अबोला म्हणतात. फक्त आमचा बोलका अबोला होता.

आता माझा मुद्दा. 'हे दोघं किती हुशार' असं म्हणून लोक या मालिकेचं कौतुक करतात. मला ते पटत नाही. एका संध्याकाळी बाबा मागे उभं राहून एक भाग पाहत होते. संपल्यावर म्हणाले, 'हे कसलं वॉर? युद्धाच्या तत्त्वांमध्ये पहिलं म्हणजे लक्ष्य निवडा आणि ते सोडू नका. यांचं लक्ष्य काय? एकत्र येणं. आणि सगळी ताकद कशावर खर्च चाललीय? आधी न बोलण्यावर.' इतक्या दिवसांत बाबा माझ्याशी एवढी वाक्यं सलग पहिल्यांदाच बोलले. मालिकेवरची याहून नेमकी टीका माझ्या तरी वाचनात नाही. डावपेच उत्तम आहेत, लक्ष्य सुटलंय. आणि शत्रू तर नाहीच.

हे मालिकेलाही कळलेलं आहे, म्हणूनच ती मला चांगली वाटते. पहिल्या पर्वात फटाक्यांचा भाग आहे. सगळ्यांनी मिळून आतषबाजी बघायला जायचं ठरतं आणि ऐन वेळी कागुयाला घरातून बंदी होते. तेव्हा शिरोगाने कसलाही हिशेब करत नाही. सायकल मारत येतो, तिला शोधून काढतो, सगळ्यांना टॅक्सीत बसवतो आणि टोकियोचा उपसागर ओलांडून फटाके दिसतील तिथे घेऊन जातो. त्या भागात डावपेच नाहीत आणि सगळ्या पर्वात लक्षात राहतो तोच. दोष आहेतच. पुढे काही विनोद वडिलांसमोर बघवत नाहीत, आणि तीच युक्ती दहाव्यांदा आली की हात पुढे ढकलायला शिवशिवतो.

काही सरांना वाटेल की प्रेमकथा कॅडेटच्या काय कामाची. पण कोकुहाकुला मराठीत मला सुचणारा सर्वांत जवळचा शब्द 'कबुली' आहे, आणि कबुली काही फक्त प्रेमाची नसते. पाय मुरगळलाय हे क्रॉस कंट्रीच्या आदल्या रात्री न सांगणारा, हॉकी मॅचमधल्या एका शब्दावरून सत्र संपेपर्यंत शेजारच्या कॉटवरच्या मित्राशी न बोलणारा, पहिल्या महिन्यात घरची आठवण येते हे पत्रात न लिहिणारा, यातले किमान दोघं मी स्वतः आहे. आपल्याला कणखर राहायला शिकवतात ते योग्यच आहे. पण गप्प राहणं म्हणजे कणखरपणा, ही जोड आपली आपणच लावून घेतो. ड्रिलच्या मैदानावर ती मला कुणी शिकवलेली नाही.

रविवारी बाबा मला सियालदाकडे घेऊन निघाले होते. टॅक्सी आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवर अडकली. बाबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. 'ही जुनी सर्क्युलर रोड. हिच्याखाली मराठा खंदक आहे.' मला वाटलं चेष्टा करतात. पण खरंच आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये उतरल्या, तेव्हा घाबरलेल्या कलकत्त्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, सहा महिन्यांत तीनेक मैल झाला. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. काम अर्धवट राहिलं. १७५६ मध्ये सिराज उद्दौला आला तेव्हा खंदक काही कामाला आला नाही, आणि १७९९ मध्ये बराचसा बुजवून त्यावर रस्ता झाला. (आपल्या लोकांनी बंगालच्या खेड्यांत तेव्हा काय केलं, ते तिथल्या अंगाईगीतांत अजून आहे. शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा मला मान खाली घालावी लागली.)

सिग्नल सुटेना. मी म्हणालो, 'बाबा, गणितात ४१ आहेत.'

'माहीत आहे.'

'मग विचारलं का नाही?'

'तू सांगशील म्हणून.' थोड्या वेळाने म्हणाले, 'मला अकरावीत ३८ होते. आजोबांना अजून माहीत नाही.'

उरलेल्या सुट्टीत रोज सकाळी त्यांनी माझ्याकडून त्रिकोणमिती करून घेतली, आणि त्यात कसलीही सवलत नव्हती. रात्री जेवणानंतर दोन भाग. ऑक्टोपसचं सॉसेज आईला दाखवलं, तर तिने ताटात आणखी कोबी वाढला. आमचं दुसरं पर्व झालं, तिसरं उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ठेवलंय. तोवर बाबांनी एकट्याने पुढचं बघायचं नाही असं ठरलंय. बघितलंच, तर रविवारच्या फोनवर आधी त्यांनी कबूल करायचं.