वाघ दिसलाच पाहिजे, हा कसला हट्ट?



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. निमित्त पुतण्याच्या फोनचे. तो पुण्याला असतो, आफ्रिकेत पाच दिवसांच्या जंगल सहलीला निघालाय. म्हणाला, "काका, तिथे गाडी रस्ता सोडून थेट सिंहाजवळ नेतात. आपल्या ताडोबात चाक खाली उतरू देत नाहीत. एवढे पैसे भरा आणि वाघाची शेपटीसुद्धा दिसत नाही!"

फोनवर बोलायचे राहिले ते इथे लिहितो. तोही हे वाचतो, म्हणून जरा स्पष्टच.

आफ्रिकेत सगळीकडे असे चालते, हा गैरसमज आहे. काही खासगी राखीव जंगलांत मुभा असते. पण दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात पर्यटकाने आपली गाडी रस्त्याखाली घालायची नाही, असा नियमच आहे. तिथेच लेबोम्बो नावाची काही दिवसांची फोर-बाय-फोर सहल निघते. मोजक्या गाड्या, पुढे मार्गदर्शक आणि ठरलेली वाट. आणि हे क्रूगर केवढे? १९ हजार चौरस किलोमीटरहून मोठे! आपले ताडोबा-अंधारी बफर धरून सुमारे १,७०० चौरस किलोमीटरचे. तिथे नको ते इथे कसे चालेल?

रस्ता सोडला तर बिघडते काय? आमच्या अर्धापूरच्या कोणत्याही केळीवाल्याला विचारा. वाफसा नसताना काळ्या रानात ट्रॅक्टर घातला तर जमीन दडपते, पाणी मुरत नाही, चाकोरीतून वाहून जाते. शेत निदान नांगरता येते. जंगल कोण नांगरणार? शिवाय टिटवी, तित्तर जमिनीवरच अंडी घालतात. जीपमधून ती दिसतात थोडीच!

आणि रस्त्यावर राहूनही हट्ट सुटत नाही, हे तर आपण पाहिलेच. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे यांना जिप्स्यांनी दोन्ही बाजूंनी अडवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईड निलंबित झाले. चुकले त्यांचे, हे खरेच. पण "अजून थोडी पुढे घ्या" हे कोण म्हणत असते? वाघ दिसला की जास्त बक्षिसी आणि नाही दिसला की तोंड वाकडे, हे कोण करते? त्या पोरांचे घर सफारीवर चालते. म्हणून सफारी बंद करा, असे मी म्हणत नाही. मागच्या सीटवर बसलेल्यांनी शहाणे व्हावे, एवढेच म्हणतो.

हा रोग आपलाच नाही. जुलै २०२५ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत पर्यटक गाड्यांतून उतरून नदीकाठी उभे राहिले आणि विल्डबीस्टच्या कळपांची वाट अडली.

आता आपल्या भागातली गोष्ट सांगतो. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा माग राहिला. तेलंगणात जाऊन, मराठवाड्यातली शेते, ओढे, रस्ते ओलांडत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पहिल्या पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालला! माणूस त्याच्याकडून एकदाच जखमी झाला, तोही एक घोळका तो पडला होता त्या झुडपांत शिरला तेव्हा. बाकी किती गावे त्याच्या शेजारी निवांत झोपली असतील. वाघाला आपल्याशी काही देणेघेणे नाही, आपल्यालाच त्याच्याशी आहे.

तिकीट आपण जंगलात जायचे काढतो, वाघाचे नाही. पाणवठ्यावर पाच मिनिटे गाडी बंद करून बसा, चितळाचा इशारा ऐका, वारुळे बघा. गाईडला झाडांची नावे विचारा. आणि बक्षिसी द्यायची ती वाघ दिसो न दिसो, उतरताना सारखीच द्या. एवढे केले तरी चाक आपोआप रस्त्यावर राहील.

असो. पुतण्या, आफ्रिकेला जरूर जा. पण गाडी बुक करताना "रस्ता सोडता का?" असे विचार, आणि हो म्हणाले तर दुसरी बघ. आल्यावर काय काय पाहिलेस ते इकडे येऊन निवांत सांग. सिंह नाही दिसला तरी चालेल.

मंडळी, तुमचे काय मत? जरूर लिहा.