टोळीच्या ट्रकमधल्या मुक्या जिवांचा हिशोब कोण ठेवणार?

शेतकरी बंधूंनो, दसरा जवळ आला की आपल्या भागातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक येऊन उभे राहतात. मुकादम उचल दिलेले कोयते मोजून घेतो आणि चार-आठ दिवसांत गाव निम्मे रिकामे होते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी किंवा शेजारची पाथर्डी, कुठेही जा, चित्र हेच. किती कोयते गेले ते मुकादमाच्या वहीत असते. किती पोरे शाळेतून कमी झाली ते गुरुजींच्या हजेरीत दिसते. पण त्याच ट्रकमधून किती शेळ्या, किती कोंबड्या आणि किती कुत्री गेली, याची नोंद मात्र कुठल्याच दप्तरात सापडत नाही. ही नोंद नसल्यामुळे दरसाल किती नुकसान होते, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

"मजुरांनी ही ब्याद बरोबर न्यावीच कशाला?" असे विचारणारे शहाणे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा कारखान्याच्या तळावर जाऊन कोपीत रात्र काढावी. डोकी सेंटरवरचे नवरा-बायको पहाटे तीन-चारला उसाच्या फडात जातात. मागे कोपीत झोपलेली लेकरे असतात. कोपीला दार नाही, कडी नाही. तिथे राखणदार एकच, तो म्हणजे गावाहून आणलेला कुत्रा. शेळीचे म्हणाल तर तान्ह्या पोराला दूध तिचेच, आणि फडात कोणाच्या पायावर कोयता बसला तर दवाखान्याचा पैसाही तिचाच. उचल गावाकडेच फिटाफिटीत संपलेली असते, अडीनडीला मुकादमाकडे हात पसरण्यापेक्षा एक बोकड विकलेला बरा. कोंबडीच्या अंड्यावर तर मिठा-मिरचीचा खर्च भागतो. मग ही जनावरे म्हणजे हौस कशी? तो गरिबाचा संसार आहे आणि संसार मागे टाकून कोणी जगायला जात नाही.

आमच्या ट्रकवाल्या बंधूंचेही तेच. आपल्या गावची पोरे ऊस वाहतुकीच्या गाडीवर सहा-सहा महिने काढतात. वजनकाट्याच्या रांगेत रात्र-रात्र गाडी उभी असते. डोळा लागला की डिझेल, बॅटरी, जॅक, ताडपत्री, काय जाईल याचा नेम नाही. म्हणून केबिनमध्ये कुत्रे पाळणारे ड्रायव्हर आहेत. एकट्या माणसाला सोबतही होते. यात वावगे काही नाही. वावगे आहे ते नेण्याच्या पद्धतीत.

नेण्याची रीत

ट्रक भरताना आधी भांडीकुंडी, सरपण, कोपीचे साहित्य चढते, मग माणसे, आणि उरलेल्या फटीत जनावरे. खरे तर मालवाहू गाडीतून माणसे नेणेच कायद्याला धरून नाही. जिथे माणसाचा हा हाल, तिथे शेळीचे कोण बघणार? शेळ्यांचे पाय बांधून त्या आडव्या टाकतात. पोट फुगून कित्येक शेळ्या वाटेतच दगावतात. कुत्र्याला गळ्यात साखळी घालून फाळक्याच्या कडीला बांधतात. गाडीने गचका दिला, कुत्रे बाहेर घसरले, की त्या साखळीचा फास झालाच समजा. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे आणि जनावरांना यातना होतील अशी वाहतूक हा त्याखाली गुन्हा आहे. पण कायद्याचा धाक घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. थोड्या समजुतीने हे सारे टळते.

शेळ्या उभ्या राहतील एवढी जागा केबिनच्या पाठीमागे फळी टाकून अडवावी. तळाला पाचट अंथरावे. निघण्याआधी पाणी पाजावे, पण पोटभर चारा घालू नये. वाटेत दोन-तीन ठिकाणी गाडी थांबवून पुन्हा पाणी दाखवावे. कोंबड्यांचे डालगे उन्हात वर टांगू नये. कुत्र्याला छातीवरून पट्टा घालावा, गळ्याला नव्हे. आणि ड्रायव्हर बंधूंनो, कुत्रे आपल्या पायाशी कधीही बसवू नका. ब्रेकखाली त्याचा पाय आला तर त्याच्यासह सगळी टोळी जाईल. त्याची जागा क्लीनरच्या बाजूला. इंजिनच्या धगीत, काचा बंद करून त्याला गाडीत कोंडूनही ठेवू नका.

गाडीबरोबर रोगही जातो

आता मुख्य मुद्दा. २०२२ साली लम्पी आला तेव्हा राज्यात गुरांच्या वाहतुकीवर बंधने आली. ऐन हंगामाच्या तोंडावर बैलगाडीवाल्या मजुरांची किती तारांबळ उडाली ते आपण पाहिले. रोग जनावराच्या पायाने नव्हे, गाडीच्या चाकाने पसरतो, हा धडा तेव्हा मिळाला. पण तो आपण बैलापुरताच घेतला. शेळ्यांच्या पीपीआरचे काय? दहा गावच्या शेळ्या एका तळावर येतात. एकीला ताप, नाकातून शेंबूड आणि हगवण लागली की आठवड्यात दावण रिकामी होऊ शकते. याची लस आहे, एकदा दिली की सुमारे तीन वर्षे संरक्षण मिळते. मात्र ती निघण्याआधी किमान तीन आठवडे टोचलेली हवी. ट्रक दारात उभा राहिल्यावर डॉक्टरांना बोलावून उपयोग नाही.

त्याहून भयंकर म्हणजे रेबीज. पिसाळलेले कुत्रे चावून माणसात एकदा लक्षणे दिसली की पुढे औषध नाही. तळावर शेकडो कोप्या, उघड्यावर खेळणारी पोरे आणि लस न टोचलेली कुत्री, हा दारूगोळा नव्हे तर काय? कुत्र्याला तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस, महिनाभराने दुसरी आणि नंतर दरवर्षी एक, एवढेच करायचे असते. आणि चावलेच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. चुना, मिरची, हळद काही भरू नये. मांत्रिकाकडे न जाता त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. एका फडावर मी मुकादमाला विचारले, जवळचा दवाखाना कुठे आहे? त्याला सांगता आले नाही. कारखान्याचा काटा मात्र त्याला अंधारातही सापडत होता.

जाता जाता वाढ्याविषयी. तळावर वाढे फुकट मिळते म्हणून जनावर महिनोन्महिने नुसत्या वाढ्यावर ठेवू नका. त्यातील ऑक्झॅलेटमुळे जनावराच्या अंगी कॅल्शियम लागत नाही. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि जोडीला दुसरा चारा द्यावा.

मागे राहिलेल्यांचे काय?

जी कुत्री ट्रकमध्ये चढत नाहीत, ती गावात उपाशी राहतात. घराला कुलूप आणि भाकरी घालणारे कोणी नाही. मग ती टोळीने फिरतात, शेळी-करडू फाडतात, शाळेच्या वाटेवर पोरांच्या अंगावर जातात. पट्टा पडल्यावर परतीच्या ट्रकमध्ये जागा नाही म्हणून कारखान्यावर सोडून दिलेली कुत्री तिकडच्या शेतकऱ्यांच्या मागे लागतात. म्हणजे आपला प्रश्न आपण कोल्हापूर-सांगलीला पोचवतो आणि तिकडचा घेऊन येतो.

यावर उपाय अवघड नाही. सरपंच मंडळी आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच) यांना माझी विनंती आहे. पोळ्याच्या करीला गावात जनावरे मोकळी असतात, माणसेही घरी असतात. त्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने शिबिर लावा. शेळ्यांना पीपीआर, कुत्र्यांना रेबीजची लस, बैलांच्या कानातल्या बिल्ल्याची तपासणी, सगळे एका दिवसात उरकते. कुत्र्यांच्या लसीचा खर्च ग्रामनिधीतून करायला ग्रामसभा नाही म्हणेल, असे मला वाटत नाही. घरटी एक कार्ड द्या आणि एक वही पंचायतीत ठेवा. त्यात किती जनावरे गेली आणि किती परत आली, एवढे लिहा.

मुकादमांनी करार करतानाच जनावरांची जागा ठरवावी, जातानाची आणि येतानाचीही. आणि कारखान्यांनी? त्यांच्याकडे शेती अधिकारी आहेत, चिटबॉय आहेत, उसाच्या प्रत्येक खेपेची पावती आहे. मग तळावर पंधरवड्यातून एकदा पशुवैद्य पाठवणे त्यांना जड का जावे? ऊस त्यांचा आहे, तोडणारे हात आपले आहेत आणि त्या हातांच्या लेकरांची राखण हे मुके जीव करतात.

मी शेतीखात्याचा माणूस, गुरांचा डॉक्टर नव्हे. पण बांधावर फिरताना एवढे कळले आहे की टोळी परत येते तेव्हा बाई आधी शेळ्या मोजते, मग भांडी. तिची मोजणी चुकू नये, एवढी जबाबदारी तरी गावाने घ्यावी. पोळा ते दसरा एवढाच वेळ हाती असतो. येत्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडतो ते पाहू.