पत्र्याखालची माणसे कोणत्या कायद्यात बसतात?



नेवासा तालुक्यातले घोडेगाव जनावरांच्या आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाते. कांद्याला काय भाव निघाला याची बातमी होते. पण एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोन वाजता तापलेल्या पत्र्याखाली कांदा निवडणाऱ्या बाया आणि पाठीवर गोणी वाहणारे हमाल काय सोसतात, याची बातमी होत नाही. ही माणसे कोण आहेत? आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो, म्हणून आम्हाला माहीत आहे. त्यातली बरीचशी आपल्याच घरातली आहेत.

उपाय अवघड नाही. छत पांढरे करा. गंजलेला किंवा गडद पत्रा ऊन शोषतो आणि ती उष्णता खाली बसलेल्यांच्या डोक्यावर सोडतो. चांगला पांढरा परावर्तक रंग बहुतांश ऊन परत पाठवतो. भर उन्हात गडद छत 65 अंशांच्या वर जाऊ शकते, तर पांढरे छत त्याहून 25 अंशांपर्यंत कमी तापते. कोरा चकचकीत पत्राही ऊन परतवतो, पण तापला की उष्णता लवकर सोडत नाही. म्हणून रंग लागतोच.

मग कायदा काय म्हणतो? ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या 2017 च्या आवृत्तीत सपाट आणि कमी उताराच्या छतांसाठी किमान 0.60 परावर्तन सांगितले आहे. पण ही संहिता कोणाला लागू? 100 किलोवॅट जोडभार किंवा 120 केव्हीए मागणी असलेल्या व्यावसायिक इमारतींना. म्हणजे जिथे आधीच एसी आहे, तिथले छत थंड करा, वीज वाचेल. ज्या खळ्यात दोन बल्ब आणि एक पंखा आहे, ते खळे या हिशेबात येतच नाही. संहिता वीज मोजते, घाम मोजत नाही.

1948 च्या कारखाने कायद्यात, कलम 13 मध्ये, तापमान शक्य तितके कमी राहील अशा भिंती आणि छप्पर असावे, असे लिहिले होते. पण कारखाना म्हणून नोंदच नसलेल्या शेडमध्ये हे कलम कोण दाखवणार?

काही जण विचारतील, छताच्या रंगाचा आणि जातीचा काय संबंध? आमचे उत्तर सरळ आहे. मालकाची केबिन थंड आणि निवडणीची जागा तापलेली, ही वाटणी ऊन करत नाही, माणसे करतात. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. कामगाराचे तास, त्याची विश्रांती, त्याचे शरीर हा त्यांच्यासाठी दयेचा नव्हे, हक्काचा विषय होता. छतही त्याच यादीत येते.

तेलंगणाने 2023 मध्ये थंड छताचे धोरण आणून सरकारी आणि व्यावसायिक इमारतींना ते बंधनकारक केले. महाराष्ट्राने त्यापुढे जावे. इमारतीचा वीजभार नव्हे, तिथे राबणारी माणसे हा निकष धरावा.

आम्ही भाबडेही नाही. पांढरे छत म्हणजे सावली, पाणी आणि दुपारची सुट्टी यांना पर्याय नव्हे. महामार्गाची धूळ बसली की परावर्तन घटते, म्हणून दरवर्षी छत धुवावे लागते. आणि रंगवायला वर कोण चढणार? पुन्हा आपलीच पोरे. जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते, तो खरवडू नये. सुरक्षापट्टा आणि फळ्या दिल्याशिवाय कोणी वर चढू नये. हा खर्च मालकाने किंवा बाजार फीमधून व्हावा, मजुरीतून एक रुपयाही कापला जाऊ नये.

तरुणांनो, नुसते स्टेटस ठेवून हे होणार नाही. तापमान मोजणारी एक गन मिळवा. दुपारी दोन वाजता शेडखाली उभे राहून पत्र्याचे तापमान, तारीख आणि काम करणाऱ्यांची संख्या लिहा. पंधरा दिवसांची ती वही ग्रामसभेत, बाजार समितीत आणि तहसीलदारांसमोर ठेवा. आकडा समोर असला की ‘ऊन तर सगळ्यांनाच लागते’ असे म्हणून कोणाला हात झटकता येत नाहीत.

ऊन सगळ्यांनाच लागते. सावली मात्र वाटून दिलेली आहे. ती वाटणी बदलायची आहे.

जय भीम! जय संविधान!