नोटा उधळू नका, हातात द्या

मंडळी, जन्मभर बँकेत नोटा मोजल्या, म्हणून बोलतो. आपल्या बीदर-गुलबर्ग्याकडं जत्रा असो, वरात असो की बार, ऑर्केस्ट्रा लागला की नोटा उधळल्या जातात. दंगा तिथूनच सुरू होतो. उधळणाऱ्याला गाणारी बाई विकत घेतल्यासारखी वाटते; मग शिट्ट्या, स्टेजवर चढणं. नोटा उधळू नका, असं रिझर्व्ह बँकेनंही सांगितलंय. महाराष्ट्रातल्या डान्सबारच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१९ साली बक्षीस द्यायला मुभा दिली, उधळायला नाही.

तमाशात सोंगाड्या दंगेखोराला शब्दानंच गार करायचा. पण ते ओझं कलाकारानंच का वाहायचं? मालकानं बक्षिसाची पेटी ठेवावी, फर्माईश चिठ्ठीवर घ्यावी. दंगा झालाच तर गाणं थांबवावं, पण कलाकारांची बिदागी पूर्ण द्यावी.