एचआयव्ही आवरला, यकृताचं काय?

एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी दोन्ही निघाले म्हणजे माणूस संपलाच, हा समज संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावी अजून पक्का आहे. तो घातक आहे, कारण मरण ठरलेलंच मानलं की माणूस तपासणीला जात नाही.

समजाला आधार होता, हे मान्य करायला हवं. एचआयव्ही प्रतिकारशक्ती खच्ची करतो, त्यामुळे हेपॅटायटिस सी यकृत झपाट्याने निकामी करतो. हेपॅटायटिस सीवरची इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्षभर सोसूनही दोन्ही संसर्ग असलेले निम्म्याहून अधिक रुग्ण बरे होत नसत. पण हे जुनं चित्र आहे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधं दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केली. २००४ पासून भारतात एचआयव्हीवरचा औषधोपचार, म्हणजे एआरटी, सरकारतर्फे मोफत सुरू झाला. एड्सचे मृत्यू घटले.

इथेच दुसरा गैरसमज उभा राहिला: एचआयव्ही आटोक्यात आला, आता यकृताचं पुढे बघू. हे 'पुढे' महागात पडतं. एआरटीमुळे वाचलेल्या रुग्णांना यकृताच्या आजाराने गाठल्याचं अनेक देशांत दिसलं. हेपॅटायटिस सी वर्षानुवर्षं लक्षणंच दाखवत नाही. बहुतेकांना कावीळही होत नाही. कावीळ दिसली की झाडपाल्याच्या औषधाकडे वळणं म्हणजे आधीच उशीर झालेल्या रुग्णाला आणखी उशीर करणं.

'दोन-दोन औषधं यकृताला पेलणार नाहीत' हेही आता टिकत नाही. सोफोसबुविर आणि डॅक्लाटॅस्विर या हेपॅटायटिस सीवरच्या गोळ्या बहुतेकांना बारा आठवडे घ्याव्या लागतात. शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण बरे होतात, आणि एचआयव्ही असलेल्यांतही यशाचं प्रमाण जवळपास तेवढंच आहे. एआरटीशी मेळ घालून डॅक्लाटॅस्विरची मात्रा ठरवावी लागते, एवढंच. अमेरिकेत सोफोसबुविरची एक गोळी हजार डॉलरला विकली जात होती. २०१५ पासून भारतीय कंपन्यांनी ती स्वस्तात बनवली आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या हेपॅटायटिसविरोधी राष्ट्रीय कार्यक्रमाने हा उपचार मोफत केला.

बरं झाल्यावरही अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह येतच राहते. तेवढ्यावरून 'आजार गेला नाही' म्हणणं चूक आहे. निर्णय रक्तातल्या विषाणूच्या आरएनए तपासणीने होतो. सुईने नशा करणाऱ्याला पुन्हा संसर्ग होऊ शकतो हे खरं, पण म्हणून उपचार नाकारणं अन्यायाचं आहे. अशा रुग्णाला निर्जंतुक सुई हवी आणि गरज पडल्यास पुन्हा औषधही हवं.

दीर्घायुष्याची वाट अशी: एआरटी जन्मभर, हेपॅटायटिस सीचा उपचार वेळेत, हेपॅटायटिस बीची तपासणी आणि लस, दारू बंद. सिरोसिस झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण कर्करोगाचा धोका उरतो.

एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाची हेपॅटायटिस सीसाठी तपासणी व्हावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. संगमनेरच्या मजुराला अहिल्यानगरला जायचं म्हणजे रोजंदारी बुडते. म्हणून अँटिबॉडी आणि आरएनए या दोन्ही तपासण्यांचे रक्तनमुने तालुक्यातच, एकाच खेपेत, रुग्णाच्या संमतीने घेतले जावेत. आरएनएचा नमुना पुढे पाठवण्याचं काम यंत्रणेचं असावं. आणि गोळ्या एआरटीबरोबरच हातात मिळाव्यात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गुप्ततेची आणि भेदभावाविरुद्ध संरक्षणाची हमी दिली आहे. ती तपासणीच्या खोलीत पाळली गेली, तर रुग्ण दुसऱ्या तपासणीलाही येईल.