वळणाची तालीम

प्रौढ वयात कला शिकू पाहणाऱ्या मनुष्याची दृष्टी त्याच्या हातापेक्षा कितीतरी वर्षांनी वडील असते. चांगले कोणते आणि सुमार कोणते हे आयुष्यभर पाहून, वाचून त्याला पुरते उमगलेले असते, आणि म्हणूनच आपल्या कुंचल्यातून उतरलेली पहिली रेघ तो स्वतः जितक्या कठोरपणे नापसंत करतो तितक्या कठोरपणे ती कोणताही गुरू करीत नाही. लाकडी पेट्या, कपाटे, भांडी आणि घरांच्या भिंती यांवर वेलबुट्टी रंगविण्याची नॉर्वेतील खेडुतांची जी परंपरागत कला रोसेमालिंग या नावाने ओळखली जाते, ती ओस्लो येथील वास्तव्यात एका सायंवर्गात मी शिकू लागलो, तेव्हा अशा विद्यार्थ्याची उत्तम सोय तिने आधीच करून ठेवली आहे असे मला आढळले. या कलेत प्रथम चित्र काढावयाचेच नसते. प्रथम काढावयाचे ते केवळ वळण.

इंग्रजी सी आणि एस या अक्षरांच्या आकाराची दोन वळणे हा या कलेचा सारा मूळ ऐवज होय. गोल कुंचल्याचे टोक कागदावर टेकवावयाचे, हळूहळू दाब वाढवीत वळण पोटाशी भरदार करावयाचे आणि तितक्याच हळुवारपणे दाब काढून घेत शेवट पुन्हा केसाइतका बारीक उतरवावयाचा, एवढीच क्रिया. परंतु ती साधण्याकरिता मनगट आवरून सबंध बाहू खांद्यापासून फिरवावा लागतो, करंगळीचा टेकू घ्यावा लागतो, रंगात जवसाचे तेल किती घालावे याचा अंदाज बोटांना यावा लागतो, आणि मुख्य म्हणजे एकदा सुरू झालेले वळण मध्येच थांबवून विचार करण्याची सवय सोडावी लागते. ज्यांची उमेदीची वर्षे दफ्तरात, प्रत्येक कागद दोनदा वाचून मग सही करण्यात गेली, त्यांना ही शेवटची अट सर्वांत जड जाते, आणि ती पाळता येऊ लागली म्हणजे होणारे सुखही त्यांनाच सर्वांत अधिक कळते. आमच्या शिक्षिका फार थोडे बोलत. विद्यार्थ्याच्या वळणाशेजारी त्या स्वतःचे एक वळण काढून ठेवीत आणि पुढल्या मेजाकडे जात. पाने-फुले त्यानंतरची. सर्वांत शेवटी येतात त्या लांब केसांच्या बारीक कुंचल्याने, पातळ रंगात, एका दमात ओढलेल्या रेषा. त्या पडेपर्यंत निश्चल वाटणाऱ्या रंगपट्ट्यांत एकाएकी वेग संचारतो.

या कलेचा उगम समजून घ्यावयाचा तर धुराची हकीकत सांगावी लागते. जुन्या नॉर्वेजियन शेतघरात विस्तव जमिनीच्या मध्यावर उघडा पेटे आणि धूर छपरातील झरोक्यातून बाहेर पडे, त्यामुळे भिंती काजळीने काळ्याभोर होत. पश्चिमेकडील मुलखात स्त्रिया सणासुदीला त्या काळ्या लाकडावर पांढऱ्या रंगाने नक्षी रेखीत, आणि सण सरला की काजळी तिच्यावर पुन्हा आपला अंमल बसवी. पुढे धुराड्याची चूल खोऱ्याखोऱ्यांतून पोहोचली, भिंती स्वच्छ राहू लागल्या, खिडक्यांतून उजेड आला, आणि रंग टिकेल अशी जागा शेतकऱ्याच्या घरात निर्माण झाली. अठराव्या शतकाच्या मध्यास या कलेला बहर आला तो यानंतर. नक्षीचे मूळ मात्र शहरी होते. ओस्लोच्या कॅथीड्रलमधील १६९९ सालच्या वेदीवर कोरलेली अ‍ॅकँथसची भरगच्च पाने, आणि त्यामागून आलेली रोकोको शैलीची हलकी वळणे, यांची वार्ता डोंगरांपलीकडे गेली, आणि शहरातील रंगाऱ्यांच्या संघांशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशा माणसांनी ती उचलली.

ही माणसे बहुधा निर्धन होती. रंगांची पुरचुंडी घेऊन ती या वाडीवरून त्या वाडीवर मुक्काम करीत, अन्न, निवारा आणि थोडी बिदागी यांवर काम करीत. ओलाव हान्सोन याने टेलेमार्कमधील हेद्दाल येथे १७८४ साली रंगविलेले राम्बेर्ग घराचे दालन आजही उभे आहे. हालिंगडाल खोऱ्यात हेर्ब्रान साता याने पाया घातला, आणि त्याच्या एम्ब्रिक व नील्स या पुत्रांनी ती परंपरा पुढे चालविली. या मंडळींनी शिकण्याचा मार्ग म्हणून नकलेची कधीच लाज बाळगली नाही. आधीच्याने रंगविलेली पेटी पाहावी, तिचे वळण हातात मुरवावे आणि पुढच्या घरी ते आपल्या पद्धतीने उतरवावे, असा त्यांचा रिवाज होता. आणि नवशिक्याने पहिल्याच दिवशी स्वतंत्र प्रतिभेचा आग्रह धरणे हे आजच्या कलाशिक्षणातील मोठे वैगुण्य आहे, असे माझे मत तेथे पक्के झाले.

प्रत्येक खोऱ्याची रीत निराळी, गायकीतील घराण्यांसारखी. टेलेमार्कची वेल एका मुळापासून निघून असमतोलपणे वाढत जाते आणि तिचा रंग पातळ, पारदर्शक असतो. हालिंगडालची रचना मध्यवर्ती फुलाभोवती समतोल आणि रंगाने ठसठशीत. रोगालानमध्ये गडद पार्श्वभूमीवर समतोल फुले. वाल्द्रेसमध्ये निसर्गाशी अधिक इमान राखणारे पुष्पगुच्छ. या सर्वांतील सोयीची फुले वेचून एकच ‘नॉर्वेजियन’ नमुना म्हणून ज्या वस्तू हल्ली विकल्या जातात, त्या मला रुचत नाहीत. त्यांत कोणत्याच खोऱ्याची बोली ऐकू येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला स्वदेशात मंदावली, आणि लक्षावधी नॉर्वेजियन आपल्या रंगीत पेट्यांसह अमेरिकेस गेले. १९०७ साली तेथे गेलेला पेर ल्यूस्ने विस्कॉन्सिनमधील स्टॉटन गावी गाड्यांच्या कारखान्यात रंगकाम करी. महामंदीच्या काळात तो लाकडी ताटे रंगवू लागला, आणि ती पाहून अनेकांना ही कला शिकण्याची इच्छा झाली. आयोवातील डेकोरा येथील वेस्टरहाइम संग्रहालयाने १९६७ साली सिगमुन आर्सेथ या चित्रकाराला नॉर्वेहून शिकविण्यास पाचारण केले. त्या वर्गांत बसलेली माणसे बव्हंशी संसारी, प्रौढ होती. या कलेचे पुनरुज्जीवन अशांच्याच हातून झाले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

ओस्लोस जाणाऱ्या वाचकांनी बिग्डॉय द्वीपकल्पावरील, १८९४ साली स्थापन झालेल्या लोकसंग्रहालयाकरिता एक सबंध दिवस राखून ठेवावा. तेथे टेलेमार्क आणि हालिंगडालमधून उचलून आणलेली घरे आहेत. सर्व दालने पाहून टाकण्याची घाई न करता एकच पेटी निवडावी, तिच्यासमोर उभे राहून तिचे मुख्य वळण पेन्सिलीने वहीत उतरवावे, आणि घरी परतल्यावर तेच वळण रोज काढीत जावे.