रेपो उतरला, मग आपला हप्ता का नाही उतरला?

आज फवारणी-खताचं काही नाही, व्याजाचं बोलू.

फेब्रुवारी ते डिसेंबर 2025 या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आणला. रेपो म्हणजे बँका रिझर्व्ह बँकेकडून ज्या दरानं पैसे उचलतात तो दर. तो सव्वा टक्का उतरला. शहरात घरकर्जाचे हप्ते हलके झाले. गावात ट्रॅक्टर, ठिबक, शेडनेटवाल्यांना विचारा. बरेच जण म्हणतील, "आमचा आहे तेवढाच आहे."

आता दर उतरला कशामुळं ते बघा. रिझर्व्ह बँकेला महागाई 4 टक्क्यांच्या आसपास ठेवायची असते, वर-खाली 2 टक्के चालतं. ही महागाई मोजायच्या 2012 पायाच्या निर्देशांकात खाण्यापिण्याच्या वस्तूंचा भार जवळपास 46 टक्के होता. म्हणजे टोमॅटो, कांदा, डाळ हलली की सगळा आकडा हलतो. जुलै 2023 ला टोमॅटो कडाडला, महागाई 7.44 टक्क्यांवर गेली. रेपो फेब्रुवारी 2023 पासून पुढची दोन वर्षं 6.50 वरच बसून राहिला. तिकडं केंद्र सरकारनं ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. 2025 मध्ये उलटं झालं. ऑक्टोबरात महागाई अवघी पाव टक्का. जीएसटी कपातीचाही त्यात हात होता, पण मोठा वाटा भाजीपाला-डाळींचे भाव पडल्याचा.

सरळ सांगायचं तर शहराचा हप्ता उतरला त्यात आपल्या पडलेल्या भावाचा मोठा वाटा आहे. शहरातल्या माणसाला स्वस्त कर्ज मिळालं याचं दुःख नाही. पण ज्याच्या मालाचे भाव पडले त्याच्या कर्जापर्यंत ही कपात का पोचू नये?

कारण नियमात आहे. 1 ऑक्टोबर 2019 पासून बदलत्या व्याजाची नवी घरकर्जं, वाहनासारखी वैयक्तिक कर्जं आणि छोट्या उद्योगांची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडणं बँकांना सक्तीचं झालं. शेतीकर्जाला ही सक्ती नाही. ती बऱ्याचदा बँकेच्या स्वतःच्या एमसीएलआर दरावर चालतात. तो सावकाश उतरतो, आणि उतरला तरी आपल्या कर्जाला रिसेटच्या तारखेलाच लागू होतो. फायनान्स कंपनीचं कर्ज तर बहुतेक वेळा स्थिर व्याजाचं, तिथं रेपोचा संबंधच नाही.

कोणी म्हणेल, पीककर्ज तर 3 लाखांपर्यंत शून्य टक्के आहे की! आहे, पण मुदतीत फेडणाऱ्याला. भाव पडले की माणूस थकतो, थकला की सवलत जाते. म्हणजे ज्या मंदीत शहराचं व्याज उतरतं, त्याच मंदीत आपलं वाढतं.

रिझर्व्ह बँकेला शिव्या देऊन उपयोग नाही. पाऊस आणि आवक तिच्या हातात नाही. पण कर्ज कशाला जोडायचं हा नियम तिच्याच हातात आहे. शेतीच्या मुदतकर्जालाही रेपोशी जोडण्याचा पर्याय द्या, एवढीच मागणी हवी. दर चढला की हप्ताही चढेल, हे मान्य करूनच. 2022 ला मे महिन्यात 4 टक्क्यांवरून दर चढायला लागला तेव्हा घरकर्जवाल्यांनी तेही सोसलंय. म्हणून पर्याय हवा, सक्ती नको.

तोपर्यंत एक काम करा. मंजुरीपत्र काढा आणि तीन गोष्टी बघा: व्याज स्थिर की बदलतं, कोणत्या दराला जोडलंय, रिसेटची तारीख कोणती. बदलतं असेल तर शाखेत लेखी अर्ज देऊन आजचा दर लेखी मागा. 6 लाख बाकीवर सव्वा टक्का म्हणजे वर्षाला साडेसात हजार रुपये होतात. एवढ्यासाठी शाखेत एक चक्कर मारायला हरकत नाही.